स्वतःचा मेल सर्व्हर उभारायचाय? सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

माझ्या मावसभावाचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न बनवायचं वर्कशॉप आहे. त्याच्या धंद्याचे मेल मी उभारलेल्या सर्व्हरवरून जायला लागले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी फोन आला. "भावा, कोटेशन तीनदा पाठवलं. पुण्याची पार्टी म्हणते आलंच नाही. तुझा सर्व्हर झोपलाय काय?"

सर्व्हर जागा होता. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, तिन्ही मेल 'सेंट' दिसत होते, आणि तिन्ही पार्टीच्या स्पॅममध्ये पडले होते. मी काम उलट्या क्रमानं केलं होतं. उत्साहानं आधी सॉफ्टवेअर बसवलं, मग नावाचं बघितलं आणि बाजारात पत लागते हे डोक्यातच आलं नाही. मेल सर्व्हर चालू करणं एका दुपारचं काम आहे. त्यानं पाठवलेल्या मेलवर समोरच्यानं विश्वास ठेवावा, यात खरा वेळ जातो. म्हणून इथला क्रम नेहमीच्या लेखांपेक्षा वेगळा आहे.

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर चार आज्ञा देता येतात आणि एखादी फाइल उघडून बदलता येते, एवढं येत असेल तर पुढं वाचा. आणि धंद्याच्या चालू डोमेनवर हात शिकू नका. सरावासाठी एक स्वस्तातलं वेगळं डोमेन घ्या.

घरचा पीसी नको

मीही पहिला प्रयोग शाहूपुरीतल्या घरात, जुन्या डेस्कटॉपवर केला. महिनाभर झटलो, पण बाहेर एक मेल गेला नाही. मेल सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या भाषेत बोलतात. ती १९८२ सालापासून चालत आली आहे आणि सर्व्हर-सर्व्हरमधलं बोलणं पोर्ट २५ वर, म्हणजे २५ नंबरच्या दारातून चालतं. घरगुती इंटरनेटवर हा पोर्ट बहुतेक वेळा बंद असतो, कारण व्हायरस लागलेले पीसी त्यातूनच स्पॅम ओकतात. शिवाय घरचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, बदलत राहतो किंवा अनेक घरांत मिळून एकच असतो, मग बाहेरचा सर्व्हर तुमच्यापर्यंत पोचणार कसा? त्यावर कडी म्हणजे स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेची पीबीएल नावाची यादीच अशा पत्त्यांसाठी आहे. तुम्ही काही केलेलं नसताना तुमचं नाव आधीच तिथं असू शकतं. पुढं २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा तो डेस्कटॉप माळ्यावर गेला, तो अजून तिथंच आहे.

तेव्हा भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर घ्या. सुरुवातीला दोन जीबी मेमरी पुरते. पैसे भरण्याआधी कंपनीला दोनच प्रश्न विचारा: बाहेर जाणारा पोर्ट २५ उघडा आहे का, किंवा विनंती केल्यावर उघडता का? आणि आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आकड्यावरून नाव सांगणारी नोंद) मला बदलता येतो का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर बाकी ऑफर कितीही गोड असो, पुढं चला.

आयपी हातात आला की लगेच काही बसवू नका. तो आकडा स्पॅमच्या काळ्या याद्यांत आहे का ते आधी तपासा. गाळा भाड्यानं घेताना आधीचा भाडेकरू उधारी ठेवून गेलाय का हे आपण विचारतोच, तसंच हे. आकडा बदनाम निघाला तर सर्व्हर काढून टाका आणि दुसरा घ्या. त्याचं नाव धुऊन काढायला जेवढे दिवस जातात, त्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

नाव, पत्ता आणि उलटा पत्ता

समजा डोमेन 'उदाहरण डॉट इन' आहे. मेल सर्व्हरला 'मेल डॉट उदाहरण डॉट इन' असं नाव ठरवा. डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएस (इंटरनेटवरची नावांची आणि पत्त्यांची वही) पॅनेलमध्ये दोन नोंदी करा. ए रेकॉर्ड: या नावाचा आयपी अमुक. एमएक्स रेकॉर्ड: या डोमेनचे मेल या नावाकडे द्या. एमएक्समध्ये आकडा चालत नाही, नावच लागतं आणि ते नाव सीनेमवर, म्हणजे दुसऱ्या नावाकडं बोट दाखवणाऱ्या नोंदीवर, टेकलेलं नसावं. टीटीएल, म्हणजे इतरांनी ही नोंद किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा, सध्या ३०० सेकंद ठेवा, म्हणजे चूक सुधारल्यावर दिवसभर वाट बघावी लागत नाही.

तिसरी नोंद पीटीआर, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणारी. ही डोमेनच्या पॅनेलमध्ये सापडत नाही. मी तिथं दोन दिवस शोधत बसलो होतो. आयपी सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या मालकीचा असतो, म्हणून ही नोंद त्यांच्या पॅनेलमध्येच होते. नावावरून आकडा, आकड्यावरून तेच नाव, आणि सर्व्हर समोरच्याला नमस्कार करताना स्वतःचं सांगतो ते नावही तेच, असं तिन्ही जुळलं पाहिजे. डिग या आज्ञेनं दोन्ही बाजूंनी तपासून घ्या.

सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, लांब) पत्ताही मिळाला असेल तर त्याचाही पीटीआर लावा. जमत नसेल तर सध्या मेल फक्त जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ वरून पाठवायला सांगा. पीटीआर नसलेल्या आयपीव्ही६ वरून आलेला मेल जीमेल दारातूनच परत पाठवतं आणि नवख्याला तासभर कळत नाही की काही मेल जातात आणि काही का जात नाहीत.

गेटवरची तपासणी

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन नावं ऐकून अनेकजण इथंच माघार घेतात. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं गेट डोळ्यांपुढं आणा. तुमच्या नावानं माल घेऊन टेम्पो आलाय. वॉचमन आधी बघतो की ही गाडी तुम्ही कळवलेल्या गाड्यांच्या यादीत आहे का. हा एसपीएफ. मग पेटीवरचं सील तुमचंच आहे का आणि वाटेत फुटलं तर नाही ना, हे बघतो. हे डीकेआयएम. आणि दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर माल आत घ्यायचा, बाजूला ठेवायचा की परत पाठवायचा, याची तुम्ही आधीच देऊन ठेवलेली सूचना म्हणजे डीमार्क.

एसपीएफ ही डीएनएसमधली एक टेक्स्ट नोंद असते. एमएक्समध्ये दिलेला सर्व्हरच आमच्या नावानं मेल पाठवू शकतो, एवढं त्यात लिहिलं की झालं. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच. जुनी न काढता दुसरी टाकली तर दोन्ही निकामी होतात. ती तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा कराव्या लागल्या तरीही ती बाद ठरते.

डीकेआयएमसाठी किल्ल्यांची जोडी बनते. खासगी किल्ली सर्व्हरवर राहते, जाणाऱ्या प्रत्येक मेलवर तिची सही होते. सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये टाकायची. २०४८ बिटची किल्ली घ्या. ती लांब असते आणि डीएनएसमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात, त्यामुळं काही पॅनेलमध्ये तिचे दोन तुकडे अवतरणचिन्हांत लिहावे लागतात. सही 'फेल' आली की शंभरातल्या नव्वद वेळा इथं कॉपी करताना घुसलेली मोकळी जागा असते, असा माझा अनुभव. किल्ली बनवण्याचं काम पुढं येणारं रस्पॅमडी करतं, म्हणून ही नोंद ते बसवल्यावर पुरी करा.

डीमार्क सुरुवातीला 'नन'वर ठेवा, म्हणजे काही अडवू नका, फक्त अहवाल पाठवा. अहवालासाठी एक पत्ता द्या. काही आठवडे त्यात तुमचे सगळे मेल नीट पास होताना दिसले की 'क्वारंटाइन'वर (म्हणजे बाजूला ठेवा) जा. एक गोष्ट मात्र समजून घ्या. समोरच्याला 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम ज्याच्यासाठी पास झालं ते डोमेन जुळलं, तरच डीमार्क पास होतं. सील खरं, पण दुसऱ्याच कारखान्याचं, असं चालत नाही.

आता सॉफ्टवेअर

डेबियन लिनक्सवर तीन गोष्टी बसवा. पोस्टफिक्स मेल घेतं आणि पाठवतं, डव्हकॉट तो पेटीत ठेवून तुमच्या फोनला दाखवतं आणि रस्पॅमडी स्पॅम गाळतं व सही करतं. मेलकाऊ किंवा मेल-इन-अ-बॉक्ससारखे तयार संचही मिळतात. माझं मत विचाराल तर एकदा हातानं उभारा, मोडा, पुन्हा उभारा आणि धंद्यासाठी मग खुशाल तयार संच वापरा. संच बिघडल्यावर कुठं हात घालायचा हे हातानं उभारलेल्यालाच कळतं.

पोस्टफिक्स बसताना प्रकार विचारेल, तिथं 'इंटरनेट साइट' निवडा. मग मेन डॉट सीएफ ही फाइल उघडा. 'मायहोस्टनेम'मध्ये पीटीआरवालंच नाव, 'मायडेस्टिनेशन'मध्ये तुमचं डोमेन आणि 'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त हे मशीन स्वतः. या 'मायनेटवर्क्स'च्या ओळीत आणखी काही घालू नका. मेल जात नाही म्हणून वैतागून कुणी तिथं सगळं जग मोकळं केलं, की सर्व्हर ओपन रिले झाला. कुणीही त्यातून कुणालाही मेल पाठवू शकतं आणि हे चोरांना कळायला आठवडा लागत नाही. एकदा काळ्या यादीत गेलात की वरची सगळी मेहनत पाण्यात.

पहिल्या खेपेला डेटाबेस वगैरे नको, लिनक्सचेच दोन-तीन वापरकर्ते पुरतात. मेल साठवायला मेलडिर पद्धत घ्या, त्यात प्रत्येक मेल वेगळी फाइल असतो. ही जागा पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांनाही सारखीच सांगितली पाहिजे. लॉग म्हणतोय मेल आला आणि फोनवर इनबॉक्स रिकामा, असं झालं की पोस्टफिक्स एका खोलीत ठेवतंय आणि डव्हकॉट दुसऱ्या खोलीत शोधतंय हे ओळखावं. डव्हकॉटची आवृत्तीही बघून घ्या. २.४ मध्ये कॉन्फिगची मांडणी बदलली आहे, २.३ साठी लिहिलेल्या ओळी तशाच चिकटवल्या तर ते सुरूच होत नाही.

सर्व्हरची ओळख पटवणारं आणि त्याचं बोलणं गुप्त ठेवणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, सर्टबॉट या साधनानं घ्या. ते ९० दिवस चालतं आणि आपोआप नवं होतं, पण पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ते पुन्हा वाचत नाहीत तोवर जुनंच दाखवतात. नूतनीकरणानंतर दोघांना रीलोड करणारी ओळ सर्टबॉटला आजच देऊन ठेवा. मी दिली नव्हती. भावाच्या फोनवर लाल इशारा आला तेव्हा आम्ही दोघं मिसळ खात होतो आणि कट गार झाला.

फायरवॉलमध्ये २५, ४६५, ५८७, ९९३, प्रमाणपत्रासाठी ८० आणि तुमचा स्वतःचा एसएसएच (दुरून लॉगिन करायचा) एवढेच पोर्ट उघडे ठेवा. २५ सर्व्हरांसाठी, ४६५ आणि ५८७ तुमच्या माणसांनी पासवर्ड देऊन मेल पाठवण्यासाठी, ९९३ वाचण्यासाठी. चुकीचे पासवर्ड मारत राहणाऱ्यांना अडवणारं फेल२बॅनही बसवा. काही तासांतच लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावणारे दिसतील. घाबरायचं नाही, पासवर्ड मात्र लांबलचक ठेवायचे.

पहिला मेल आणि लॉग

स्वतःच्याच दुसऱ्या खात्याला, मग जीमेलला पाठवा. जीमेलमध्ये मेल उघडून 'शो ओरिजिनल' बघा. तिथं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हीपुढं 'पास' दिसलं पाहिजे.

लॉग वाचायची सवय लावा, त्यातले आकडे प्रामाणिक असतात. २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरनं मेल स्वीकारला. इनबॉक्समध्ये टाकला, असं तो म्हणत नाही. माझ्या भावाचं कोटेशन इथंच फसलं होतं. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता नाही, नंतर या. पोस्टफिक्स आपोआप पुन्हा प्रयत्न करतं, आपण मध्ये पडायचं नाही. पाचनं सुरू झाला तर कायमचा नकार आणि पुढच्या वाक्यात कारण असतं, बऱ्याचदा चक्क दुरुस्तीच्या पानाच्या पत्त्यासकट.

नव्या आयपीवरून पहिल्या दिवशी पाचशे गिऱ्हाइकांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवू नका. गूळ बाजारात नवा आलेला व्यापारी पहिल्याच दिवशी गाडीभर उधार मागत नाही. रोज थोडे, ओळखीच्यांना, आणि ज्यांच्याकडून उत्तर येतं अशांना पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केले आहेत. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही तपासण्या सक्तीच्या आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. लहान पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि जुळणारा पीटीआर लागतोच. तिन्ही तपासण्या पहिल्या दिवसापासून लावल्या की हा विषय मिटतो.

आलेले सगळे मेल जीमेलकडे आपोआप पुढं ढकलायचा मोह टाळा. पुढं ढकललेल्या मेलचा एसपीएफ मोडतो आणि त्यातला स्पॅम तुमच्या नावावर जमा होतो. 'पोस्टमास्टर' आणि 'अब्यूज' हे दोन पत्ते सुरू ठेवा. तक्रारी तिथंच येतात.

बॅकअप, आणि मग खरं डोमेन

सर्व्हर रात्रीत बंद पडला तर लगेच हाय खायची गरज नाही. पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स तर ठरीव सेटिंगवर पाच दिवस थांबतं. डिस्कच गेली, तर मात्र गेली. मेलडिर, कॉन्फिगच्या फाइली आणि डीकेआयएमची किल्ली यांचा रोज दुसऱ्या जागी बॅकअप घ्या आणि महिन्यातून एकदा तो कोऱ्या सर्व्हरवर उतरवून खरंच चालतो का बघा.

सरावाचं डोमेन दोन-तीन महिने सुरळीत चाललं की धंद्याचं डोमेन हलवा. दोन दिवस आधी टीटीएल कमी करा, कामाला सुट्टी असेल त्या दिवशी एमएक्स बदला आणि जुनं खातं निदान महिनाभर चालू ठेवा. कुठल्या तरी सर्व्हरच्या आठवणीत जुनाच पत्ता असतो आणि नेमकी पार्टीची ऑर्डर तिकडं जाते. मावसभाऊ अजून रोज संध्याकाळी जुनं खातं एकदा उघडून बघतो. मीही त्याला बंद कर म्हटलेलं नाही.