घोडा पाय आपटतोय? आधी ओला कडबा काढा

पावसाळ्यात घोडा सारखा पाय आपटत असेल तर गुडघ्याखाली नीट बघा. डोकं वर करून बसलेली, घरमाशीसारखीच दिसणारी पण टोचून रक्त पिणारी माशी सापडेल. ती वाढते लीद-मूत मिसळलेल्या ओल्या कडब्यात, त्यामुळे नुसत्या फवाऱ्यानं भागत नाही. गव्हाणीखालची चिपाडं रोज झाडा, उकिरडा तबेल्यापासून लांब ठेवा.

मग फवारा: लिटरभर कोमट पाण्यात 10 मिली निंबोळी तेल आणि थोडं रिठ्याचं पाणी. तेल वर तरंगतं, म्हणून दर वेळी बाटली जोरात हलवा. आधी थोड्याच जागेवर लावून दुसऱ्या दिवशी कातडी बघा. डोळे, जखमा टाळा. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर बंद तबेल्यात नकोच, घोड्याच्या फुफ्फुसांना तो फार बाधतो.