कँटर बिघडतो तो दुडकीतच: या चुका टाळा

बुलेट चालवणारा गडी घोड्यावर बसला की लांबून ओळखू येतो. वळण आलं की हा आत झुकलाच. रंकाळ्याच्या वळणावर गाडीला ते लागतं. घोड्याला मात्र त्या झुकण्यानं आतल्या खांद्यावर ओझं येतं, तो वळणात आत पडतो आणि कँटर (दुडकीच्या पुढची, झेपांची चाल) मागितला की चुकीच्या पायावर निघतो. मी पहिले दोन महिने हेच करत होतो, आणि शिव्या घोडीला घालत होतो.

चुकीचा पाय म्हणजे काय, ते आधी ठेक्यातून समजून घ्या. साध्या चालीत चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये तीन आणि मग क्षणभर शांतता. डावीकडं वळताना आधी उजवा मागचा पाय टेकतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम, शेवटी डावा पुढचा. त्यानंतर चारही पाय हवेत. शेवटी टेकणारा हा पुढचा पाय वळणात आतल्या बाजूचा असायला हवा. बाहेरचा आला तर घोड्याचा तोल जातो. (मुरलेले स्वार सरावासाठी मुद्दाम उलट्या पायावर चालवतात, पण त्या वाटेला आपण एवढ्यात जाऊ नये.)

दुडकी पळवू नका

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. कँटर येईना म्हणून टाचेवर टाच मारत दुडकी वाढवायची, वाढवायची, आणि मग कधीतरी घोडा कँटरमध्ये जातो. जातो कसला, पडतो! वजन सगळं पुढच्या पायांवर, मागचे पाय फरफटत. अशा कँटरला ना पायाचा भरवसा, ना ठेक्याचा.

दुडकी हाताबाहेर गेली की साध्या चालीवर या. दहाबारा पावलं शांत जाऊ द्या, पुन्हा दुडकी घ्या, आणि वळणाच्या तोंडाशी मागणी करा. आपला बाहेरचा पाय तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) वीतभर मागं, आतला तंगापाशी, स्वतः सरळ. बाहेरचा पाय मागं का? पहिला ठोका बाहेरच्या मागच्या पायाचा असतो, तुम्ही त्यालाच हाक मारताय. हे कळल्यावर माझी निम्मी मारामारी संपली.

खाली वाकून पाय बघू नका

बरोबर पाय आला का, हे बघायला मी दर वेळी घोडीच्या मानेवर ओणवा व्हायचो. आमच्या मोतद्दार मामांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांनी, एक दिवस तिच्या डाव्या पुढच्या पायाला लाल फडकं बांधलं. मी खूश. पण त्यांनी मला बसवलं कठड्यावर, घोडीवर दुसऱ्याला चढवलं आणि म्हणाले, "फडकं बघून घे. आता खांदा बघ." फडकं पुढं जायचं तेव्हा त्या बाजूचा खांदाही दुसऱ्यापेक्षा चांगला पुढं निघत होता. म्हणजे नुसती नजर खाली टाकली तरी पुरतं, मान घालायची गरज नाही. पुढं पुढं तेही लागत नाही. आपलंच आतल्या बाजूचं कमरेचं हाड पुढं सरकलेलं जाणवतं.

गुडघे आवळणं आणि लगामाला लोंबकळणं या जुळ्या बहिणी. गुडघा आवळला की बूड खोगिरावरून उडतं, धपकन आपटतं, आणि घाबरून हात लगाम ओढतो. कँटरमध्ये घोड्याची मान प्रत्येक झेपेला पुढं-मागं होते. हात तिच्यासोबत गेला नाही तर आपणच "चल" आणि "थांब" एकदम म्हणतोय. श्वास रोखलेला असेल तर तोही सोडा. घोडा स्वतः झेपेगणिक एकच श्वास घेतो, ते फुरफुरणं ऐकत बसलात तरी ठेका अंगात येतो.

"आमचा घोडा कसला मऊ चालतोय" असं कुणी म्हणालं तर ठोके मोजा. चार निघाले तर कौतुक आवरा. जोर संपला की मधली जोडी फुटते आणि तीनाचे चार होतात. सरळ पट्ट्यात थोडा पुढं काढा, जोडी पुन्हा जुळते.

पुढचे पाय एका बाजूच्या कँटरचे, मागचे दुसऱ्या बाजूच्या, असंही होतं. एसटीत मागच्या सीटवर बसल्यासारखी आडवी हबकी बसते. तिथं चाबूक नको. दुडकीवर आणा, पुन्हा मागा. पण दर वेळी एकाच बाजूला बिनसत असेल तर आधी पाठ, खूर, नाल आणि खोगीर तपासा, आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आमची घोडी डावीकडं पाय चुकवायचीच. माझं झुकणं सुटलं तरी चुकवायची. मामांनी खोगिराखालचा नमदा उलटा केला, तर शिवणीत सुपारीएवढी गाठ. ती बरोबर पाठीच्या डाव्या अंगाला टोचत होती. गाठ उसवली, आठवडाभर पाठीवर खोगीर ठेवलं नाही. त्यानंतर डावीकडं मागितला तेव्हा तिनं पहिल्याच इशाऱ्याला कँटर उचलला. मामा कठड्यावर तंबाखू मळत होते, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.