मराठी मुखपृष्ठाचं शीर्षक कसं मांडावं: अक्षरांमधलं अंतर आणि मोकळी जागा

इंग्रजी मुखपृष्ठांवर शीर्षकाची अक्षरं लांब लांब मांडतात आणि ती शोभतातही. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे मोकळीक द्यायची ती शब्दाभोवती; अक्षरांमध्ये अगदी जपून.

आधी शीर्षक युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, ट्रॅकिंग (सगळ्या अक्षरांमधलं अंतर एकदम कमी-जास्त करणारी सेटिंग) शून्य ठेवा. जोडाक्षरं, रफार, शुद्धलेखन लेखकाकडून पक्कं करून घ्या आणि मगच शब्द कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचं रेषाकृतींत रूपांतर करा, कारण नंतर टाइप करून दुरुस्ती होत नाही.

आता एकेक अक्षर सरकवा. इथे पट्टी कामाची नाही, नजर हवी. दोन उभे दंड शेजारी आले की दाटी होते. ट, द, र यांच्या बाजूला खाली आपसूक पोकळी असते, म्हणून त्यांना थोडं जवळ घ्या. ‘राखण’ हा शब्द घ्या. ‘ख’च्या पोटातलं अंतर शेजारच्या अक्षरांमधल्या अंतराएवढंच झालं, तर वाचणारा ‘रारवण’ वाचतो. अक्षराच्या आतली फट बाहेरच्या फटीपेक्षा नेहमी लहानच दिसली पाहिजे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हातानं काढलेली नाटकांची शीर्षकं यासाठी मन लावून बघावीत.

सरकवताना शिरोरेषेत फटी पडतात. तेवढ्याच जाडीची पट्टी काढून त्या सांधा. पण थ, ध, भ यांच्या डोक्यावरची मोकळी जागा चुकूनही बुजवू नका. ‘धन’चं ‘घन’ होईल, ‘भार’चा ‘मार’!

शीर्षक दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. ओळी दूर नेण्याआधी खालची ओळ थोडी डावी-उजवीकडे करून पाहा. बहुतेकदा मात्रेला वर रिकामी जागा सापडते.

मग पानाकडे वळा. डेमी हा पुस्तकाचा आकार म्हणजे ५.५ × ८.५ इंच, फार मोठा नाही. चारही बाजूंना थोडी थोडी जागा सोडण्यापेक्षा एकाच बाजूला सलग, मोठी जागा रिकामी ठेवा. शीर्षक तिच्यामुळेच उठून दिसतं. तिथे पुरस्काराचा उल्लेख किंवा अभिप्राय टाकायचा आग्रह होईल. तो मजकूर मलपृष्ठावर न्या, इथे ठाम राहा.

शेवटी मूळ आकारात काळी-पांढरी प्रिंट काढा, एखाद्या पुस्तकावर गुंडाळा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून वाचा. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करूनही बघा. मात्रा दिसेनाशा झाल्या तर अक्षर मोठं करा, अंतर वाढवू नका.