कमाल हृदयगती काढताना या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात पहाटे धावायला येणारा जवळजवळ प्रत्येक नवा धावपटू २२० मधून वय वजा करतो आणि आलेला आकडा आपली कमाल हृदयगती, म्हणजे मिनिटाला पडणारे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके, म्हणून सांगतो. हे सूत्र १९७१ च्या एका लेखातून पसरले. त्यामागे स्वतंत्र प्रयोग नव्हता. आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतील आकड्यांमधून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. २००१ साली तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र, म्हणजे २०८ वजा वयाचे ०.७ पट, तुलनेने बरे आहे. पण तेही सरासरीच सांगते, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचे अंतर सहज असू शकते. माझ्या ४६ व्या वर्षी पहिले सूत्र १७४ सांगते, दुसरे १७६, आणि चढावर प्रत्यक्ष मोजलेला आकडा १८८ आहे. सूत्रावर विसंबलो असतो तर माझा प्रत्येक कठीण सराव अर्धवट राहिला असता.

याहून अधिक नुकसान मनगटी घड्याळावरच्या आंधळ्या विश्वासाने होते. आमच्यातील २४ वर्षांच्या एका तरुणाला डिसेंबरच्या थंडीत, धावायला लागून पाच मिनिटे होत नाहीत तोच, घड्याळाने २०६ दाखवले. त्याने आनंदाने तोच आकडा कमाल धरला आणि त्याच्या ७५ टक्के, म्हणजे १५४ पर्यंतची धाव ‘सोपी’ मानून दोन महिने रोज घाम गाळला. झोप बिघडली, पिंडऱ्या सतत दुखू लागल्या आणि अर्धमॅरेथॉनच्या तयारीत वेग वाढण्याऐवजी घटला. मी त्याला माझा ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून चढावर पळवले, तेव्हा आकडा १८९ च्या पुढे गेला नाही. त्याची सोपी धाव १४१ च्या आसपास थांबायला हवी होती. मनगटावरचे घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह ओळखते. घड्याळाचा पट्टा सैल असला किंवा हात गार पडलेले असले की ते पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजू शकते. म्हणून कमाल गती मोजण्याच्या चाचणीसाठी छातीचाच पट्टा वापरावा. मी तो पाण्याने ओला करूनच बांधतो आणि निघण्यापूर्वी मानेवरची नाडी बोटांनी मोजून दोन्ही आकडे जुळतात का, हे पाहतो. एवढे दोन मिनिटांचे कामही ज्यांना जड वाटते, त्यांनी टक्केवारीच्या सरावाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शंभर मीटर जीव तोडून पळून आकडा टिपणे हीदेखील अशीच घाई आहे, कारण हृदयाला वरच्या टोकाला पोहोचायला वेळ लागतो. मी वीस मिनिटे सावकाश धावतो, मग दोन-तीन मिनिटांचा एकच चढ तीनदा चढतो आणि प्रत्येक वेळी हळूहळू उतरतो. तिसऱ्या वेळी शेवटचे अर्धे मिनिट काहीही राखून ठेवत नाही, आणि तेव्हा काही सेकंद सलग टिकलेला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहितो. अपुरी झोप, ताप किंवा आदल्या दिवशीची लांब धाव असेल तर चाचणी पुढे ढकलतो.

मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये ही चाचणी करूच नये. उन्हात त्याच वेगाला नाडी चढत जाते, पण कमाल आकडा गाठण्याआधीच माणूस गळून जातो.

रुग्णालयातील टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून केलेल्या हृदयतपासणीच्या, अहवालातला आकडाही कमाल समजू नये, कारण अनेकदा ती चाचणी वयावरून काढलेल्या अंदाजाच्या ८५ टक्क्यांवरच थांबवतात. मात्र चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि छातीत दुखण्याचा अनुभव आलेल्यांनी वरील चढाच्या चाचणीपूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. बीटा-ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची कमाल गती औषधानेच खाली येते. त्यांनी टक्केवारी सोडून, धावताना पूर्ण वाक्य बोलता येते का, यावर वेग ठरवावा.

सरावाने कमाल गती वाढते, हा समज चुकीचा आहे.

धावण्याचा आकडा सायकलला लावू नये, कारण सायकलवर तो बहुधा पाच ते दहा ठोक्यांनी कमी येतो. दौलताबादच्या घाटात सायकल चालवणाऱ्यांनी तिथेच, खोगिरावर बसूनच, तो वेगळा मोजावा.