ऐंशीच्या पुढं गाडी थरथरतेय? पाना उचलण्याआधी थरथर ओळखा

साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत गाडी कशी मऊ चालते. हायवेला लागून काटा नव्वदवर गेला की मात्र स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. हे दुकानात सांगितलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "अलाइनमेंट करून घ्या." मी ते दोनदा करून घेतलं, पैसे दिले, आणि थरथर होती तिथंच राहिली.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेनं झिजतो. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीचं दुखणं बहुधा वेगळं असतं. ते शोधायला मशीन लागत नाही. अर्ध्या तासाची एक फेरी पुरते.

आधी चाचणीची फेरी

निघण्यापूर्वी टायर थंड असताना चारही चाकांची हवा बघा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. मग सकाळी लवकर, वर्दळ कमी असताना, कऱ्हाडच्या दिशेनं नागठाण्यापर्यंत जाऊन या. शेजारी कुणालातरी बसवा आणि लिहून घ्यायचं काम त्याच्याकडे द्या, चालवणाऱ्यानं मोबाइलला हात लावायचा नाही. वेग ६० पासून दहा-दहानं वाढवा, पण मर्यादेच्या आत. मध्ये एकदा लेन बदला. लेन बदलल्यावर थरथर गेली तर दोष रस्त्याचा, गाडी निर्दोष.

सुरुवात कोणत्या वेगाला होते आणि पुढं कमी होते का, हे टिपून घ्या. थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर घ्यायचा. सीटमधून, पायाखालच्या पत्र्यातून येत असेल तर मागच्या. मग ॲक्सिलरेटरवरून पाय हलकेच उचला. पाय उचलताच थरथर थांबली तर बाब ड्राइव्ह शाफ्टकडे (इंजिनाची ताकद चाकांना देणारा दांडा) किंवा इंजिन माउंटिंगकडे (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) जाते. पाय उचलूनही तशीच राहिली तर चाक-टायर धरा. आणि फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची डिस्क. कुणी सांगेल म्हणून चालत्या गाडीची चावी मात्र फिरवू नका. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत दोन्ही जाते.

घरी आल्यावर गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, हायवेवर जेवढे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) होते तेवढे करा. उभ्या गाडीतही तीच थरथर आली तर चाकांना हात लावू नका, इंजिन आणि त्याची रबरी माउंटिंग बघा.

वीस ग्रॅमची ताकद

बहुतेकांची गाडी चाकापाशीच अडते, म्हणून तिथं जरा थांबू. १८५/६५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं. अशा चाकाच्या रिमवरून समतोलासाठी लावलेलं २० ग्रॅमचं शिसं गळून पडलं तर त्या जागेचा असमतोल चाकाला सुमारे अडीच किलोच्या जोरानं हिसडे देतो, तेही सेकंदाला तेरा. वेग निम्मा केला की हा जोर चौथाईवर येतो, म्हणून गावात काही कळत नाही. शिवाय सस्पेन्शनवर बसलेल्या चाकाची स्वतःची डोलण्याची लय साधारण याच टप्प्यात, सेकंदाला १० ते १५ वेळा असते. दोन्ही लयी जुळल्या की स्टिअरिंग नाचतं, आणि वेग आणखी वाढला की कधीकधी ते पुन्हा शांत होतं.

माती काढा, मग बॅलन्सिंग

माझी गोष्ट इथलीच. कोरेगावकडे मेव्हण्यांच्या रानात गाडी काळ्या मातीत रुतली, ट्रॅक्टरनं ओढून काढली. घरी येऊन पाइपनं धुतली, बाहेरून लखलखीत. दोन अलाइनमेंटनंतर तिसऱ्या ठिकाणी पोरानं चाक खोललं, उलटं केलं, आणि रिमच्या आतल्या बाजूनं स्क्रूड्रायव्हरनं भाकरीच्या तुकड्याएवढी वाळलेली खपली उचकटून माझ्या हातात ठेवली. "काका, रान पुण्याला फिरवून आणताय व्हय?" चाकाचा असमतोल मोजणाऱ्या बॅलन्सिंगच्या मशीनवर आतल्या बाजूला ७० ग्रॅम दाखवत होतं, खपली निघाल्यावर १० वर आलं.

तेव्हा पावसाळ्यात कासहून आलात किंवा उसाच्या सीझनला ट्रॉल्यांनी सांडलेल्या चिखलातून गेलात, तर पहिला उपाय फुकटचा आहे: रिम आतून धुवा. धुताना टायरवरून हात फिरवा. बाजूला फुगा आला असेल, किंवा रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यावर एखादी जागा उचलल्यासारखी लागली, तर तो टायर बॅलन्स करू नका, बदला. तो वेगात फुटू शकतो. टायरच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी महिनाभर उभी असेल तर टायरला सपाट डाग पडतात, ते दहा-पंधरा किलोमीटरमध्ये गरम होऊन बहुधा जातात.

बॅलन्सिंगला चाक मशीनवर चढलं की समोर उभे राहा. फिरताना रिमची कड डुलतेय का बघा. खड्ड्यात वाकलेल्या रिमला वजनं लावून आकडा शून्य होईल, पण रस्त्यावर ती उडणारच. वजनं ठोकल्यावर चाक पुन्हा एकदा फिरवायला लावा, आत आणि बाहेर दोन्हीकडे शून्य येईपर्यंत. ही दुसरी फेरी घाईत टाळली जाते. चाक परत बसवण्याआधी हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशनं काढायला सांगा. बाहेरून घेतलेले अलॉय असतील तर त्यांचं मधलं भोक हबला घट्ट बसतंय का तेही बघा; सैल असेल तर मध्ये रिंग लागते.

तरी थरथर उरली तर पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करा, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असलेला टायर त्याच बाजूला ठेवून. थरथर स्टिअरिंगमधून उठून सीटमध्ये गेली, तर चोर चाकाबरोबर मागं गेला. जागची हलली नाही, तर चाकं निर्दोष.

चाकं निर्दोष सुटली तर

गाडी सपाट जागी जॅक आणि स्टँडवर घ्या. चाक वरखाली धरून हलवल्यावर खडखड आली तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा बॉल जॉइंट, डावी-उजवीकडे धरून आली तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा. बेअरिंग गेलं असेल तर वळणावर कमी-जास्त होणारी घूं-घूं आधीच ऐकू येते. चढाला, भरल्या गाडीत थरथर वाढत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट दाखवा. बोलेरो, ईकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे सांधे, बघायला सांगा.

पसरणीचा घाट ब्रेकवर उतरणाऱ्यांची डिस्क तापून बिघडते. तिला सगळे "वाकली" म्हणतात, पण बऱ्याचदा तिची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते. जाडी शिल्लक असेल तर लेथवर टर्निंग करता येतं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती आधी वाचा.

चाक कशासाठीही खोललं असेल तर नट समोरासमोर, एकाआड एक आवळायचे, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे पिळाच्या जोरानं. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर त्यांना पुन्हा एकदा पाना लावा.