बीव्हरच्या विणीच्या हंगामाआधी करावयाची तयारी

बीव्हर हा नदी-तळ्यांत राहणारा, झाडे कुरतडून पाण्यावर बांध घालणारा प्राणी. त्याचे कुटुंब पाहायला, त्याच्या नोंदी ठेवायला किंवा त्याने घातलेल्या बांधावर काही काम करायला ज्यांना जायचे आहे, त्यांनी आधी प्रदेश निश्चित करावा आणि तारखांना नंतर हात घालावा. ‘पिल्ले मे-जूनमध्ये जन्मतात’ हे विधान सर्रास वाचायला मिळते आणि कॅनडा, अलास्का किंवा नॉर्वे-स्वीडनपुरते ते खरेही आहे. मात्र त्याच भरवशावर अलाबामा किंवा लुइझियानात पोहोचणाऱ्याला तोवर बरीच वाढलेली पिल्ले दिसतील, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील टिएरा डेल फ्यूगोमध्ये उतरणाऱ्याच्या वाट्याला हिवाळा येईल. ठिकाण, तेथील अक्षांश आणि पाण्यावर बर्फ किती काळ राहतो, या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्याव्यात. पुढचे सारे नियोजन त्यांच्यावरच उभे राहते.

दुसरे काम हिशेबाचे आहे. बीव्हरचा गर्भकाळ साधारण १०५ ते १०७ दिवसांचा असतो आणि मादी वर्षातून एकदाच विते. त्यामुळे जन्माचा काळ ठाऊक असेल तर समागमाचा काळ मागे मोजून काढता येतो आणि समागमाचा ठाऊक असेल तर जन्माचा पुढे मोजता येतो. जूनच्या मध्यावर जन्मलेल्या पिल्लांची सुरुवात मार्चच्या आरंभी झालेली असते, तर मार्चच्या आरंभी जन्मलेल्यांची नोव्हेंबरच्या मध्यावर. मादीचा माज फार थोडा काळ, बहुधा १२ ते २४ तास टिकतो आणि गर्भधारणा झाली नाही तर सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. एकाच नदीवरच्या दोन कुटुंबांत पिल्ले काही आठवड्यांच्या अंतराने जन्मू शकतात, त्याचे हे एक कारण आहे. म्हणून वहीत एकच तारीख न लिहिता किमान पाच-सहा आठवड्यांचा पट्टा आखावा.

हा पट्टा प्रदेशानुसार कसा सरकतो ते पाहू. उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत आणि उत्तर युरोपात समागम बहुधा जानेवारी ते मार्च या काळात होतो आणि पिल्ले एप्रिलअखेरीपासून जूनपर्यंत येतात. जितके उत्तरेला जावे तितका भर मेअखेरीकडे आणि जूनकडे झुकतो. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत पाणी गोठत नाही, हिवाळ्यातही चारा मिळतो आणि समागम नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होऊ शकतो, त्यामुळे तेथे फेब्रुवारी-मार्चपासून पिल्ले असू शकतात हे गृहीत धरूनच निघावे. टिएरा डेल फ्यूगोमध्ये १९४६ साली कॅनडातून बीव्हर आणून सोडण्यात आले. तेथे ऋतू उलटे असल्याने समागम त्यांच्या हिवाळ्यात आणि जन्म त्यांच्या वसंताअखेरीस, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत होतो. तेथील जंगलांचे या प्राण्याने मोठे नुकसान केले आहे, त्यामुळे तेथे जाणाऱ्याचा हेतू बहुधा संरक्षणाचा नसून नियंत्रणाचा असतो; तरीही हंगामाचा हिशेब त्यालाही हवाच.

हिवाळ्यात प्रत्यक्ष समागम पाहण्याची आशा ठेवू नये. तो बहुधा पाण्यात, रात्री आणि उत्तरेकडे बर्फाच्या थराखाली होतो. या काळात बीव्हरच्या घरात, म्हणजे पाण्यात रचलेल्या काट्याकुट्यांच्या पोकळ ढिगात, वस्ती आहे की नाही एवढेच तपासावे. या ढिगाच्या माथ्यावर, जेथून आतली ऊबदार हवा बाहेर पडते, तेथे कडाक्याच्या थंडीत दंवाची पांढरी झालर धरलेली दिसते. ती दुर्बिणीतून दुरूनच पाहावी. घराभोवती आणि बांधाजवळ प्राण्यांच्या ये-जा करण्याने आणि पाण्याच्या प्रवाहाने बर्फ पातळ राहतो, त्यावर पाय ठेवणे जिवावर बेतू शकते.

बर्फ वितळू लागला की काठाच्या चिखलावर लक्ष ठेवावे. बीव्हर चिखल आणि पालापाचोळा ओढून छोटे ढीग रचतात आणि त्यांवर आपल्या ग्रंथींतला उग्र वासाचा स्राव सोडतात. वसंतात असे ढीग वाढतात, कारण साधारण दोन वर्षांची झालेली जुनी पिल्ले याच सुमारास घर सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात आणि वसलेल्या कुटुंबांना आपली हद्द राखावी लागते. नव्या पिल्लांचा जन्म आणि थोरल्यांचे निघून जाणे या दोन घटना अशा शेजारी-शेजारी घडतात. एरवी बीव्हरचा नर आणि मादी वरून ओळखू येत नाहीत. पण दूध पाजणाऱ्या मादीच्या पुढच्या पायांच्या मधली चार स्तनाग्रे ठळक होतात. ती काठावर ताठ बसून फांदी सोलत असेल तेव्हा चांगल्या दुर्बिणीतून हे दिसते, आणि आत पिल्ले आहेत याचा इतका विश्वासार्ह पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

ज्यांना बांध कापायचा आहे, पाण्याची पातळी उतरवायची आहे किंवा रस्त्याखालच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करायच्या आहेत, त्यांनी या यादीत सर्वाधिक वेळ येथे द्यावा. बीव्हरची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात, त्यांचे डोळे उघडे असतात, दात आलेले असतात आणि वजन साधारण अर्धा किलो भरते. हे वर्णन वाचून ती स्वावलंबी असतील असे वाटते, परंतु तसे नाही. ती पोहू शकतात, पण मऊ लोकरीत हवा अडकल्यामुळे बुचासारखी वर तरंगतात आणि बुडी मारून घराच्या पाण्याखालच्या दारातून ये-जा करणे त्यांना सुरुवातीचे काही आठवडे जमत नाही. अशा वेळी पाणी उतरवले तर दार उघडे पडून शिकारी प्राण्यांना वाट मिळते, आणि पाणी एकाएकी चढले तर आतली पिल्ले बुडू शकतात. आई पिल्लाला पुढच्या पंजांवर घेऊन, हनुवटीने दाबून धरून दुसरीकडे हलवते खरे, पण सगळी पिल्ले हलवण्याइतकी उसंत तिला मिळेलच असे नाही.

म्हणून थंड प्रदेशांत असे काम उन्हाळ्याच्या शेवटापासून शरदाच्या मध्यापर्यंत उरकावे. तोवर पिल्ले बुडी मारू लागलेली असतात आणि हिवाळ्याचा फांद्यांचा साठा अजून पुरता झालेला नसतो. पाणी गोठल्यावर पातळी उतरवणे तितकेच घातक आहे, कारण साठ्यापर्यंतची वाट तुटली तर कुटुंबाला नवा चारा मिळत नाही. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल ते १६ ऑगस्ट हा पिल्लांच्या अवलंबनाचा काळ मानला जातो आणि परवान्यांच्या अटी त्यानुसार कडक असतात. तेथे बीव्हरला मे २०१९ पासून आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून कायद्याचे संरक्षण आहे. आपण जेथे काम करणार तेथील नियम लेखी स्वरूपात मागवून घ्यावेत. माझ्या मते कायद्याने मुभा दिली असली तरी घरात पिल्ले असण्याची शक्यता आहे तोवर थांबणेच योग्य आहे.

केवळ पाहायला जाणाऱ्यांची तयारी त्यामानाने सोपी आहे. दुर्बीण, जलरोधक बूट, मळकट रंगाचे कपडे आणि लाल प्रकाशाची विजेरी पुरते. वाऱ्याची दिशा मात्र प्रत्येक वेळी तपासावी, कारण बीव्हर दृष्टीपेक्षा वासावर जास्त विसंबतो. कुत्रा सोबत नेऊ नये. स्वयंचलित कॅमेरा घरावर न रोखता बांधावर किंवा काठावरच्या ये-जा करण्याच्या वाटेवर लावावा. तळ्याचे पाणी गाळून, उकळल्याशिवाय पिऊ नये, त्यातून जिआर्डिया या आतड्यांतल्या परजीवीची लागण होऊ शकते. उत्तरेकडे जूनअखेरीपासून घराच्या भिंतीआडून पिल्लांचे कण्हल्यासारखे बारीक आवाज ऐकू येतात, आणि ती बाहेर दिसू लागतात ती बहुधा जुलैत, सूर्यास्ताच्या सुमारास. नॉर्वे-स्वीडनमध्ये तेव्हा रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, हा निरीक्षकाचा मोठा लाभ. शेपटीचा फटका पाण्यावर वाजला तर आपण दिसलो आहोत असे समजून त्या दिवसापुरते मागे फिरावे.

पिल्लांची संख्या नोंदवताना जातीची नोंदही करावी. अमेरिकी जातीत एका वेळी बहुधा तीन-चार, तर युरेशियन जातीत दोन-तीन पिल्ले होतात. फिनलंडमध्ये १९३७ साली अमेरिकी बीव्हर आणले गेल्यामुळे तेथे दोन्ही जाती आढळतात, आणि नुसत्या नजरेने त्या वेगळ्या काढता येत नाहीत. तेव्हा खात्री नसेल तर रकाना रिकामा ठेवावा.

शेवटी, परिसरातील वन्यप्राणी उपचार केंद्राचा क्रमांक आधीच मिळवून ठेवावा. एकटे पिल्लू दिसले म्हणजे ते अनाथ झाले असे नाही, त्यामुळे आधी दुरून पुरेसा वेळ लक्ष ठेवावे आणि हात लावण्यापूर्वी केंद्राशी बोलावे. बीव्हरचे पिल्लू नैसर्गिकरीत्या दोन वर्षे आईबापांजवळ राहते, त्यामुळे उचलून आणलेल्या पिल्लाचा सांभाळ केंद्रालाही बहुधा तितकाच काळ करावा लागतो.