मुलांच्या नात्यात फोनवरून जाच सुरू झाला, तर पालकांनी या चुका टाळा

मध्यरात्री व्हिडिओ कॉल करून खोलीत आणखी कोण आहे ते दाखवायला लावणं. ऑनलाइन दिसूनही उत्तर आलं नाही म्हणून मेसेजचा भडिमार. ‘विश्वास असेल तर पासवर्ड दे’ हा हट्ट, आणि नातं तुटलं की जुन्या फोटोंची धमकी. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात यातलं बरंचसं त्या मुलामुलींना स्वतःलाही प्रेमच वाटत असतं, त्यामुळे घरी कळतं तेव्हा पाणी बरंच पुढे गेलेलं असतं. मग मोठी माणसं घाईघाईत जे करतात, त्याने अनेकदा त्रास देणाऱ्याचंच काम सोपं होतं.

फोन काढून घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त घरांत होणारीही. ‘घरी सांगितलं तर फोन जाईल’ ही भीती मुलांना गप्प ठेवते, आणि समोरचाही नेमकं याच भीतीवर जगतो. तुम्ही फोन काढून घेतलात, की त्याचं म्हणणं खरं ठरतं. शिवाय अकाउंट तर चालूच राहतं. मेसेज येतच राहतात, उत्तर मिळत नाही म्हणून तो मित्रमैत्रिणींना गाठतो, काहीबाही पोस्ट करतो, आणि तुमच्या मुलीला हे सगळं दुसऱ्याच कुणाकडून कळतं. ज्या मैत्रिणीशी बोलून तिला धीर आला असता, ती वाटही बंद झालेली असते.

पहिलं वाक्य असं असू द्या: ‘फोन तुझ्याकडेच राहील. काय झालं ते सांग.’ ‘तू असले फोटो पाठवलेसच कशाला?’ हा प्रश्न ओठांवर येईल, पण तो गिळा. निदान पुढचे काही आठवडे तरी.

आधी ब्लॉक, पुरावा नंतर

ब्लॉक करायचंच आहे, पण सगळ्यात आधी नाही. व्हॉट्सॲपवर डिसअपिअरिंग मेसेज सुरू असतील तर ते २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी पुसले जातात. काही ॲपवर ब्लॉक करताच तो चॅट दिसेनासा होतो. म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, वेळ आणि नंबर किंवा युजरनेम आलं पाहिजे. नुसतं दिसणारं नाव पुरत नाही, कारण ते केव्हाही बदलता येतं. प्रोफाइलची लिंकही वेगळी लिहून ठेवा.

ब्लॉक केल्यावर समोरचा भडकेल अशी भीती असेल, तर इन्स्टाग्रामवर आधी ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा. मग त्याने नव्याने केलेली कमेंट मुलीने मान्य केल्याशिवाय इतरांना दिसत नाही, त्याचे मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतात आणि ते वाचले की नाही हे त्याला कळत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. नग्न फोटो ‘पुरावा’ म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि सल्ला विचारायला नातेवाइकांना तर मुळीच पाठवू नका. अल्पवयीन मुलांचे असे फोटो जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. धमकीचा मजकूर जपा, फोटोची प्रत काढू नका.

पासवर्ड बदलला, आता झालं

नाही झालं. नात्याच्या गोड दिवसांत फोन एकमेकांच्या हातात फिरलेला असतो, त्यामुळे दारं अनेक उघडी राहतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी लॅपटॉप लॉग आउट करा. गूगल आणि इन्स्टाग्रामवर कुठकुठे लॉगिन आहे ते बघा. रिकव्हरीचा ईमेल आणि नंबर तपासा, कारण तिथे त्याचाच नंबर असेल तर नवा पासवर्डही त्याच्या हाती लागू शकतो. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. फोनच्या लॉकमध्ये किती बोटांचे ठसे आहेत तेही पाहा. ही गोष्ट हटकून राहून जाते.

लोकेशन गूगल मॅप्सवर, व्हॉट्सॲपवर, स्नॅपचॅटच्या नकाशावर असं वेगवेगळं शेअर झालेलं असू शकतं. स्नॅपचॅटवर ते लपवायला ‘घोस्ट मोड’ आहे. आयफोनवर आयओएस १६ पासून ‘सेफ्टी चेक’मध्ये कुणाला काय दिसतंय ते एका जागी कळतं. पण हे सगळं बंद होताच समोरच्याच्या ते लक्षात येणार. त्यामुळे कधी बंद करायचं हे मुलीशी बोलून ठरवा, आणि त्या दिवशी तिला एकटीला कुठे पाठवू नका.

धमकीपुढे नमणं

‘एक फोटो पाठव, मग सगळं डिलीट करतो’ यावर विश्वास ठेवला की मागणी वाढतेच. पैसे नाही, फोटो नाही, गयावया नाही. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालच्या वयात काढलेल्या अशा फोटोंसाठी आहे. फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही. त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होऊन सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या तो फोटो शोधून हटवू शकतात. प्रौढांसाठी २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ ही अशीच सेवा आहे. व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये फिरणारा फोटो मात्र यातून थांबत नाही. तिथे रिपोर्ट आणि पोलिसांत तक्रार हाच रस्ता.

आणखी काही

मुलीच्या फोनमध्ये गुपचूप पाळतीचं ॲप टाकू नका. ज्या गोष्टीतून तिला सोडवायचंय, तीच तुम्ही करत असता. असा जाच मुलग्यांनाही होतो, फक्त ते तो चेष्टेवारी नेतात आणि घरातले त्याला ‘नशीबवान’ म्हणतात.

आणि कधी तक्रार तुमच्याच मुलाविरुद्ध येईल. तेव्हा ‘तिनेच पाठवले होते ना’ म्हणून त्याची पाठराखण करू नका, आणि घाबरून त्याचा फोनही पुसून टाकू नका. तो पुरावा नष्ट केल्यासारखं ठरू शकतं. त्या मुलीला तुमच्या घरातून एकही मेसेज जाणार नाही, माफीचासुद्धा, एवढं त्याच दिवशी बघा. मग वकिलाशी आणि समुपदेशकाशी बोला, मुलाला समोर बसवून.